लहान मुलांना घेऊन कोल्हापुरातून निघताना

माझं माहेर कोकणात, सासर कोल्हापुरात आणि नणंद मुंबईला. त्यामुळे दोन मुलांना घेऊन एक तर घाट उतरायचा असतो, नाही तर रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची असते. थोरली पाच वर्षांची, धाकटा अडीच. नव्यानं आई झालेल्या मैत्रिणी मला प्रवासाला कुठली औषधं न्यायची ते विचारतात. औषधांचं पुढे सांगते, पण त्याआधी निघायची वेळ ठरवा, आणि ती मुलाच्या झोपेवरून ठरवा. झोपमोड झालेलं मूल धड खात नाही, पाणी पीत नाही, नुसतं किरकिरतं. मग त्याला गप्प करायला कुणी कुरकुरे देतं, कुणी रस पाजतं आणि पोट बिघडायला सुरुवात होते.

एक-दोन वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसकट दिवसाला 11 ते 14 तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास. प्रवासात तास-दीड तास इकडेतिकडे झाला तर चालतं. पण रात्रीची अर्धी झोप गेली आणि दुपारचीही बुडाली, तर पुढचे दोन दिवस मूल हाती लागत नाही.

आमच्या आण्णांचं, म्हणजे सासऱ्यांचं म्हणणं असतं, “पहाटं चारला निघायचं, रस्ता मोकळा मिळतोय.” मोठ्यांसाठी ते खरंच आहे. पण चारला निघायचं म्हणजे मुलांना साडेतीनला उठवून, दूध पाजून, कपडे बदलून बाहेर काढायचं. गगनबावड्यानं उतरायचं असलं की मी धाकट्याच्या दुपारच्या झोपेवरून हिशेब करते. त्याला साडेबाराच्या सुमारास झोप लागते. कोल्हापूर ते गगनबावडा साधारण 55 किलोमीटर. दहाला त्याला मऊ भात, वरण आणि थोडं तूप, अकराला गाडीत. कळे मागं पडेपर्यंत खिडकीतून ऊस आणि ट्रॅक्टर मोजायचे. साळवणच्या पुढं डोळे जड होतात आणि करूळ घाटाची वळणं सुरू होतात तेव्हा तो गाढ झोपलेला असतो. झोपलेल्या मुलाला गाडी सहसा लागत नाही. एप्रिल-मे महिन्यात मात्र ऊन फार असतं, तेव्हा पहाटेच निघा. पण मुलाला उठवू नका. रात्रीच प्रवासाचे कपडे घालून झोपवा आणि झोपेतच उचलून सीटवर ठेवा. पावसाळ्यात निघण्याआधी घाट चालू आहे का याची चौकशी करा. दरड पडून वाहनं अडकली की लहान मुलांचे फार हाल होतात.

गाडी लागण्याचा त्रास दोन ते बारा वर्षांच्या मुलांना जास्त होतो. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग ‘आपण हलतोय’ म्हणून सांगत असतो आणि डोळ्यांना मात्र समोरची सीट नाही तर मोबाईल स्थिर दिसतो. म्हणून घाटात मोबाईल आणि चित्रांचं पुस्तक बंद. मुलाला समोरचा रस्ता दिसेल असं बसवा, काच थोडी खाली घ्या. एसटीनं जात असाल तर मागच्या सीट टाळा, तिथं हिसके जास्त बसतात. रिकाम्या पोटीही नेऊ नका आणि “वाटेत भूक लागंल” म्हणून वडा-भजी भरवूनही नेऊ नका.

उलटी व्हायच्या आधी मूल सांगत नाही, पण त्याच्या तोंडावर दिसतं. माझी थोरली एकदम बडबड थांबवते, जांभया देते, पुन्हा पुन्हा आवंढा गिळते आणि ओठांच्या कडेचा रंग उतरतो. एवढं दिसलं की सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या, वळणावर नको. खाली उतरवा, वारा लागू द्या, तोंडावर ओला रुमाल फिरवा. उलटी झालीच तर चूळ भरायला लावून दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्याचमच्यानं पाणी द्या. लगेच पेलाभर पाणी पाजलं तर तेही बाहेर येतं. उलटीच्या गोळ्या मोठ्यांच्या डब्यातून काढून देऊ नका. त्यातल्या काही लहान मुलांना घातक असतात. मुलांच्या डॉक्टरांना आधी विचारून घ्या.

कारमध्ये मूल मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसायची आपल्याकडची सवय सोडा. जोराचा ब्रेक लागला तर मूल हातात धरून ठेवणं कुणालाच शक्य नसतं. मागच्या सीटवर मुलांची वेगळी सीट बांधून घ्या, तान्ह्या बाळाची सीट तोंड मागं करून. मूलही त्यात नीट झोपतं, मान लुळी पडत नाही. पुण्याचा हायवे असला तरी दर दोन तासांनी थांबा. आणि चहाला उतरताना “झोपलाय, राहू दे” म्हणून बंद गाडीत मूल ठेवू नका, पाच मिनिटंसुद्धा नाही. उन्हात उभी गाडी फार पटकन तापते.

महालक्ष्मीचा प्रवास त्या मानानं सोपा, कारण रात्र गाडीतच जाते. जेवण घरी, सात वाजता. दात घासून, झोपायचे सुती कपडे घालूनच स्टेशनवर जायचं. खालचा बर्थ मिळवा आणि मुलाला भिंतीच्या बाजूला घ्या. मी घरची गोधडी नेते. तिचा ओळखीचा वास आणि रोजची गोष्ट एवढ्यावर माझी मुलं हातकणंगल्याच्या आत झोपतात. मिरजेला, सांगलीला माणसं चढतात, दिवे लागतात, तेव्हा गोधडीचा पडदा करून उजेड अडवायचा. एसीच्या डब्यात मुलांना लोकर-टोपीत गुंडाळून ठेवू नका. मानेमागं हात घालून बघा. घाम लागला तर एक थर काढा, गार लागली तर एक चढवा.

डब्यात कुणीतरी भडंग काढतंच, आणि प्रेमानं मुलांपुढंही धरतं. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला त्यातले शेंगदाणे देऊ नका. हलत्या गाडीत अख्खा दाणा श्वासनळीत जायला वेळ लागत नाही. फुटाण्यांचंही तेच. माझ्या डब्यात दशम्या, राजगिऱ्याचे लाडू आणि केळी असतात. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या मऊ राहतात, मुलांना चावायला सोप्या. पाणी घरचं उकळून गार केलेलं, ते संपलं तर सीलबंद बाटली. गुऱ्हाळावरचा रस मलाही आवडतो, पण बर्फ आणि उघड्यावरची भांडी बघता लहान मुलांना प्रवासात तो नको. कापून ठेवलेली फळं, पातळ चटणी, बर्फाचा गोळाही नको. हॉटेलात शिजून वाफाळत आलेलं द्या: इडली, साधा भात-वरण, उकडलेलं अंडं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र फक्त अंगावरचं दूध, उन्हाळ्यातही वरचं पाणी नाही. खाण्याआधी साबणानं हात धुवायचेच. मळलेल्या हातांवर नुसतं सॅनिटायझर चोळून भागत नाही.

आता औषधांची पिशवी. ओआरएसची पाकिटं घ्या आणि त्यावरचं पाण्याचं प्रमाण वाचा. 20.5 ग्रॅमचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्धं पाकीट अंदाजानं पेल्यात टाकायचं नाही. कालवलेलं पाणी 24 तासांनी ओतून द्या. गोड ज्यूसची खोकी म्हणजे ओआरएस नव्हे, जास्त साखरेनं जुलाब वाढतात. दुसरं, तापाचं पॅरासिटामॉल. त्याचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो, आणि बाटल्याही वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात: काहींत 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम, काहींत 250. म्हणजे त्याच चमच्यात दुप्पट औषध. निघण्याआधी मुलाचं वजन करा, आपल्याकडच्या बाटलीतलं किती मिलिलिटर द्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद बाटलीलाच चिकटवा. थर्मामीटर ठेवा. खोकल्याचं औषध स्वतःच्या मनानं देऊ नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, मुलाला सहा-आठ तास लघवी झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, शौचातून रक्त, छाती उडतेय किंवा उठवूनही उठत नाही, तर प्रवास तिथंच थांबवून दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेसाठी 108.

जोतिबाच्या चैत्र यात्रेबद्दल विचारतात म्हणून सांगते: तान्ह्या बाळाला त्या दिवशी डोंगरावर नेऊ नका. ऊन, गर्दी आणि गुलालाचा खकाणा, तिन्ही बाळाला सोसत नाहीत. दम्याच्या मुलालाही नको. एरवी कुठल्याही सकाळी निवांत दर्शन होतं.

पोहोचल्यावर नातेवाईक जमतात. “अगं उठव की जरा, आम्ही बघायला आलोय” असं म्हणणारे सगळे मायेचेच असतात. तरी उठवू नका. मी नणंदेला आधीच फोन करून ठेवते, “वन्सं, पहिल्या दिवशी दुपारी कुणाला बोलवू नका.” त्या सांभाळून घेतात. सर्दी-खोकला असलेल्यांनी बाळाचे पापे घेऊ नयेत, हेही घरातल्याच माणसाकडून सांगितलं की कुणाला लागत नाही. कोकणात उतरला असाल तर संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि मच्छरदाणी लावा.

परतीचं तिकीट शाळेच्या आदल्या रात्रीचं काढू नका. मुंबईहून महालक्ष्मी सकाळी कोल्हापुरात येते, म्हणून “स्टेशनवरून थेट शाळेत” असा बेत सोयीचा वाटतो. मी एक रात्र आधीचं काढते. त्या दिवशी मुलांना दुपारी पोटभर झोपू द्यायचं, संध्याकाळी रंकाळ्यावर थोडं पळवून आणायचं आणि साडेआठला दिवे बंद.