एका अक्षराचा फरक जेलवर कसा पाहायचा: कडू चवीच्या जीनची प्रयोगशाळेतली चाचणी

पीटीसी (फिनाइलथायोकार्बामाइड) या रसायनाची कागदी पट्टी जिभेवर ठेवली की वर्गातले काही जण तोंड वेडंवाकडं करतात आणि काही जण "नुसता कागद लागतोय" म्हणून इकडेतिकडे बघत बसतात. १९३१ साली ड्यूपाँट कंपनीतल्या आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून याच रसायनाची पूड हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याचं तोंड कडू झालं, फॉक्सना मात्र काहीच लागलं नाही. त्यामागचा जीन सापडायला २००३ साल उजाडलं. तो सातव्या गुणसूत्रावर आहे आणि त्याचं नाव टीएएस२आर३८.

माणसाच्या डीएनएत सुमारे तीन अब्ज अक्षरं असतात. एका माणसाचा जीनोम संदर्भ जीनोमशी ताडला, तर साधारण ४० ते ५० लाख ठिकाणी फरक निघतो. त्यातले बहुतेक फरक एकाच अक्षराचे असतात, त्यांना 'स्निप' म्हणतात. बऱ्याचशा स्निपांनी काही बिघडत नाही, पण प्रथिन घडवणाऱ्या भागात नेमक्या जागी पडलेलं अक्षर प्रथिनाचा आकार बदलू शकतं. टीएएस२आर३८मध्ये असे तीन फरक नेहमी आढळतात: १४५व्या, ७८५व्या आणि ८८६व्या अक्षराला. आपण पहिलाच पाहणार आहोत. १४५व्या जागी सी असेल तर ४९वं अमिनो आम्ल प्रोलीन येतं, जी असेल तर अॅलानीन. सीवाल्यांना पीटीसी बहुधा कडू लागतं, जीवाल्यांना बहुधा लागत नाही. (कारल्याचा इथे संबंध नाही. माणसाला कडू चवीचे सुमारे २५ ग्राही (चव ओळखणारी प्रथिनं) आहेत. पीटीसी न लागणाऱ्यालाही कारलं कडूच लागतं.)

प्राइमरमधली युक्ती

एक अक्षर डोळ्यांना दिसत नाही. ते डीएनए कापणाऱ्या एन्झाइमला 'दिसावं' लागतं. हे-थ्री हे एन्झाइम जीजीसीसी असा क्रम दिसला की मधोमध, जीजी आणि सीसी यांच्यामध्ये, कापतं. पंचाईत अशी की मूळ जीनमध्ये या जागी जीजीसीसी नाहीच: चव लागणाऱ्यांत जीजीसीएजीसीसीए आहे, न लागणाऱ्यांत जीजीसीएजीजीसीए. म्हणून पुढचा प्राइमर (जिथून प्रती काढायला सुरुवात होते तो डीएनएचा छोटा धागा) मुद्दाम एका अक्षराने चुकीचा बनवलेला असतो. तो ४४ अक्षरांचा आहे आणि शेवटून दुसऱ्या जागी, म्हणजे १४३व्या अक्षराला, ए ऐवजी जी आहे. प्राइमर तरीही चिकटतो, कारण बाकीची ४३ अक्षरं जुळतात. पीसीआरनंतर (म्हणजे डीएनएच्या त्या भागाच्या असंख्य प्रती काढल्यावर) चव लागणाऱ्यांच्या तुकड्यात जीजीसीसी तयार होतं, न लागणाऱ्यांच्या तुकड्यात जीजीजीसी राहतं आणि तिथे एन्झाइम हात लावत नाही.

तुकडा एकूण २२१ अक्षरांचा. सी असेल तर कापून ४४ आणि १७७, जी असेल तर अखंड २२१. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढचं सगळं याच आकड्यांवर चालतं.

प्राइमर मागवताना क्रम कॉपी-पेस्टच करा. हाताने उतरवताना टी एकावर एक येतात तिथे एखादा हमखास गळतो. पुढचा: सीसीटीटीसीजीटीटीटीटीसीटीटीजीजीटीजीएएटीटीटीटीटीजीजीजीएटीजीटीएजीटीजीएएजीएजीजीसीजीजी. मागचा: एजीजीटीटीजीजीसीटीटीजीजीटीटीटीजीसीएएटीसीएटीसी.

नमुना: चूळ भरून

रक्त काढायची गरज नाही, गालाच्या आतल्या पेशी पुरतात. ०.९ टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी करा: ४०० मिलिलिटरमध्ये ३.६ ग्रॅम मीठ. ४० जणांना प्रत्येकी १० मिलिलिटर देता येतं. चूळ भरण्याआधी अर्धा तास काही खाऊ नये, आणि चूळ किमान ३० सेकंद गाल आपटत खळखळून भरावी. घाईने भरलेल्या चुळीत पेशी कमी येतात आणि पुढे जेलवर बँड (डीएनएचा पट्टा) फिका पडतो. चूळ कपात थुंकून ती हलवा, त्यातलं १.५ मिलिलिटर छोट्या ट्यूबमध्ये घ्या आणि पूर्ण वेगाने ९० सेकंद सेंट्रिफ्यूज करा. तळाशी पांढरट ठिपका दिसला पाहिजे. नाही दिसला तर वरचं पाणी ओतून त्याच ट्यूबमध्ये आणखी १.५ मिलिलिटर घालून पुन्हा फिरवा.

वरचं पाणी ओता, साधारण १०० मायक्रोलिटर राहू द्या आणि ठिपका त्यात नीट मिसळा. यातले ३० मायक्रोलिटर १०० मायक्रोलिटर १० टक्के चेलेक्समध्ये (धातूंचे आयन पकडणारे बारीक मणी) घाला. चेलेक्सचे मणी दर काही सेकंदांनी तळाशी बसतात, म्हणून ते घेण्याआधी प्रत्येक वेळी हलवा आणि टिपचं टोक ब्लेडने थोडं कापून घ्या, नाहीतर मणी टिपमध्ये अडकतात. मग ९९ अंशावर १० मिनिटं ठेवा, पाच सेकंद जोरात हलवा आणि पुन्हा ९० सेकंद फिरवा.

आता सगळ्यात नाजूक काम. वरचं स्वच्छ द्रावण ३० मायक्रोलिटर नव्या ट्यूबमध्ये घ्यायचं, आणि त्यात एकही मणी येता कामा नये. चेलेक्स मॅग्नेशियम पकडून ठेवतं. डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमांना मॅग्नेशियम लागतं म्हणूनच चेलेक्स वापरतो, पण पीसीआरच्या पॉलिमरेजलाही (प्रती काढणाऱ्या एन्झाइमलाही) तेच लागतं. दोन-चार मणी पुढे गेले की पीसीआर बसलाच. द्रावण फ्रीझरमधून काढून पुन्हा वापरताना आधी एकदा फिरवून घ्या.

पीसीआर

एका नमुन्याला २५ मायक्रोलिटर: दुप्पट तीव्रतेचा मास्टर मिक्स (पॉलिमरेज आणि सुटी अक्षरं असलेलं तयार मिश्रण) १२.५, दोन्ही प्राइमर (१० मायक्रोमोलर) प्रत्येकी १, पाणी ८, डीएनए २.५. डीएनए सोडून बाकीचं मिश्रण सगळ्या नमुन्यांसाठी एकत्र करा. ते दहा टक्के जास्तच करा, कारण शेवटच्या ट्यूबला ते नेहमी कमी पडतं. एका ट्यूबमध्ये डीएनएऐवजी पाणी घाला. इथे तपासतोय माणसाचा डीएनए आणि काम करणारेही माणसंच. पाण्याच्या ट्यूबमध्ये २२१चा बँड उमटला तर त्या दिवशीचा एकही निकाल धरू नये.

९४ अंशावर ३० सेकंद, ६४ अंशावर ४५ सेकंद, ७२ अंशावर ४५ सेकंद, अशा ३५ फेऱ्या. सुरुवातीला मास्टर मिक्सच्या पत्रकात दिलेली तापवणी द्या. मशीनला यूपीएस हवंच. वीज दहाव्या फेरीला गेली तर उरलेल्या फेऱ्या वेगळ्या लावून कधीकधी निभावतं, पण कितव्या फेरीला गेली हे कोणालाच माहीत नसतं.

कापणी

इथेच निकाल बिघडतात, म्हणून जरा थांबून वाचा. प्रत्येक नमुन्याच्या दोन ट्यूब करा, 'न' म्हणजे न कापलेली आणि 'का' म्हणजे कापायची. दोन्हींत १० मायक्रोलिटर पीसीआर उत्पादन. 'का'मध्ये १ मायक्रोलिटर हे-थ्री (दर मायक्रोलिटरला १० युनिट), 'न'मध्ये १ मायक्रोलिटर पाणी. बहुतेक पीसीआर बफरमध्ये हे एन्झाइम थेट चालतं, वेगळी स्वच्छता लागत नाही.

एन्झाइम निम्म्या ग्लिसरॉलमध्ये येतं, त्यामुळे ते जड आणि चिकट असतं. टिपचं टोक फक्त पृष्ठभागाला टेकवा. खोल बुडवलं तर टिपच्या बाहेर लागलेलंच दुप्पट होतं. ट्यूबमध्ये घातल्यावर ते तळाशी थेंबासारखं बसतं, म्हणून बोटाने टिचकी मारून मिसळा आणि क्षणभर फिरवून खाली आणा. न मिसळलेली ट्यूब आणि न कापलेली ट्यूब जेलवर सारखीच दिसते. ३७ अंशावर एक तास ठेवा. अर्ध्या तासातही काम होतं, पण वर्गात पायपेटचा हात सगळ्यांचा सारखा नसतो. एन्झाइमची बाटली बर्फातून बाहेर टेबलावर ठेवून हजेरी घेऊ नका.

जेल

अॅगॅरोजच्या जेलमधून वीज सोडली की डीएनएचे लहान तुकडे मोठ्यांपेक्षा पुढे पळतात. २२१ आणि १७७मधला फरक ४४ अक्षरांचाच आहे. २ टक्के अॅगॅरोजवर दिसतो, पण ३ टक्क्यांवर स्पष्ट दिसतो: ५० मिलिलिटर टीबीई बफरमध्ये १.५ ग्रॅम. मायक्रोवेव्हमध्ये थांबत-थांबत उकळा. एवढं घट्ट अॅगॅरोज एकदम उसळून अंगावर येतं. पारदर्शक दाणे दिसेनासे होईपर्यंत उकळा, कारण न विरघळलेल्या दाण्यांमुळे बँड वाकडे पळतात. विद्युतदाब दोन इलेक्ट्रोडांमधल्या अंतराच्या दर सेंटिमीटरला ५ व्होल्ट. रंग म्हणून एथिडियम ब्रोमाइड वापरत असाल तर हातमोजे आणि वेगळी कचरापेटी हवी. शक्य असेल तर कमी घातक रंग घ्या.

'न' आणि 'का' शेजारी-शेजारी भरा आणि बाजूला ५० अक्षरांच्या पायऱ्यांची शिडी (माहीत लांबीच्या तुकड्यांची मोजपट्टी) ठेवा. लोडिंग रंग कमीच घाला. ब्रोमोफेनॉल ब्लूचा जाड पट्टा आपल्याच तुकड्यांच्या टापूत येऊन बसतो आणि फोटोत बँडच्या जागी काळी सावली पडते.

वाचन

'न' रांगेत प्रत्येकाचा एकच २२१चा बँड असायला हवा. तो नसेल तर पीसीआरच झालेला नाही, 'का' रांग वाचूच नका. प्रत्येकाकडे जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. 'का' रांगेत फक्त २२१ म्हणजे जी-जी. फक्त १७७ (आणि खाली अंधूक ४४) म्हणजे सी-सी. २२१ आणि १७७ दोन्ही म्हणजे सी-जी. ४४च्या बँडवर भिस्त ठेवू नका. तो फिका असतो आणि प्राइमर एकमेकांना चिकटून झालेला धूसर पट्टाही तिथेच घुटमळतो.

आता घोळ बघा. सी-सी माणसाचा नमुना अर्धवट कापला गेला तरी २२१ आणि १७७ दोन्ही दिसतात, म्हणजे तो हुबेहूब सी-जी वाटतो. बँड किती उजळ आहे यावरून ठरवू म्हणाल तर तेही फसवं आहे. सी-जी माणसाच्या नमुन्यात पीसीआरच्या शेवटच्या फेऱ्यांत एक धागा सीचा आणि एक जीचा अशा मिश्र जोड्या होतात. त्या कापल्या जात नाहीत, त्यामुळे खऱ्या सी-जीतही २२१ ठळक दिसतो. उपाय एकच: आधीपासून ठाऊक असलेला एक सी-सी नमुना प्रत्येक कापणीत सोबत ठेवा. त्याच्या रांगेत २२१ शिल्लक दिसला की त्या दिवशीचे सगळे सी-जी संशयित.

असा नमुना नसेल तर वर्गाचं गणित निदान इशारा देतं. समजा ४० जणांत सी-सी ४, सी-जी २८, जी-जी ८ आले. सी अक्षरं ३६, एकूण ८०, म्हणजे प्रमाण ०.४५. हार्डी-वाइनबर्गप्रमाणे (अक्षरांच्या जोड्या यदृच्छया जुळल्या तर किती निघाव्यात याचं सूत्र) अपेक्षा ८.१, १९.८ आणि १२.१. काय-वर्ग (अपेक्षा आणि निकाल यांतल्या तफावतीचं माप) येतो सुमारे ६.९, आणि मर्यादा ३.८४. सी-जी इतके जास्त आणि सी-सी इतके कमी दिसले की आधी कापणी तपासा. लोकसंख्येबद्दलचे सिद्धान्त त्यानंतर.

पट्टीची चव नमुना देतानाच, निकाल कळायच्या आधी नोंदवा. आधी साधा कागद द्या, मग पीटीसीचा. जी-जी असून थोडं कडू लागलं, किंवा सी-जी असून काहीच लागलं नाही, असे एक-दोन जण निघतात. उरलेल्या दोन जागांवरची अक्षरं आणि ग्राही किती प्रमाणात बनतो, याचाही चवीवर परिणाम होतो. त्यामुळे नोंद खोडून 'बरोबर' करू नका.

नमुन्यांवर नावं नकोत, क्रमांक टाका आणि लेखी संमती घ्या. आईवडिलांचे नमुने आणायला सांगू नका. अर्धवट कापणीच्या एका बँडवरून घरात नात्यांचे प्रश्न उभे राहतात आणि ते प्रयोगशाळेत सुटत नाहीत.

हीच रीत सिकलसेलला लावताना

विदर्भ आणि नंदुरबार भागातल्या महाविद्यालयांतून हमखास विचारलं जातं की सिकलसेल असंच पाहता येईल का. तत्त्व तेच: बीटा ग्लोबिन जीनमध्ये जीएजीचं जीटीजी होतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येतं आणि डीडीई-वन या एन्झाइमची कापायची जागा नाहीशी होते. पण इथे एक धोका आहे. निरोगी डीएनए कापला जातो, सिकलचा कापला जात नाही. म्हणजे ज्या चुकीने आपल्याकडे सी-सीचा सी-जी झाला, तीच चूक इथे निरोगी माणसाला वाहक ठरवते. म्हणून अशा चाचणीत प्राइमर असे निवडतात की तुकड्यात दुसरी, कधीही न बदलणारी कापणीची जागा येते. ती कापली गेली नसेल तर निकाल द्यायचाच नाही. आणि वर्गातल्या मुलांचे नमुने यासाठी घेऊ नयेत. ज्याला खरंच जाणून घ्यायचं आहे त्याने सरकारी रुग्णालयात विद्राव्यता चाचणी आणि त्यानंतर एचपीएलसी (रक्तातली हिमोग्लोबिनं वेगळी करून मोजणारी चाचणी) करून घ्यावी, तिथे निकालासोबत समुपदेशनही मिळतं.