गाडीचा आणि कुत्र्याचा क्लेम अडकतो तो या चुकांमुळे

आमच्या घरात, सोसायटीत कुणाचाही इन्शुरन्स क्लेम अडकला की फोन मला येतो. पण येतो कधी, तर सगळं करून झाल्यावर. गाडी गॅरेजला गेलेली, बंपर बदललेला, जुना बंपर भंगारात गेलेला आणि मग "ताई, आता काय करू?" तेव्हा करण्यासारखं फार कमी उरलेलं असतं, म्हणून हे एकदा लिहून ठेवते.

सगळ्यात महागडी चूक पाण्यात बुडालेली गाडी चालू करून बघण्याची. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकता नगरीच्या भागात पार्किंगमध्ये पाणी शिरलं ते आठवत असेल. माझा मामेभाऊ तिकडेच राहतो. गाडीत सीटपर्यंत पाणी. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं, मी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की किल्लीला हात लावू नकोस, पण शेजारचे काका म्हणाले एकदा स्टार्ट मारून बघ, माझी झाली. याने मारला. एकदा खट्ट आवाज आला आणि इंजिन बंद पडलं ते पडलंच. होतं असं की एअर इनटेकमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असतं, हवा दाबली जाते पण पाणी दाबलं जात नाही, मग पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉडच वाकतो. गॅरेजवाले याला हायड्रोलॉक म्हणतात. सर्व्हेअर, म्हणजे कंपनीतर्फे नुकसान तपासणारा माणूस, आला, सीट, कार्पेट, वायरिंग, साफसफाई हे सगळं त्याने मान्य केलं, कारण पूर साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे स्वतःच्या गाडीचंही नुकसान भरून देणाऱ्या, पॉलिसीत कव्हर असतो. इंजिनचे एक लाख ऐंशी हजार मात्र नामंजूर. कारण इंजिन पुराने नाही, पुरानंतर चालू केल्यामुळे गेलं, त्याला ते कॉन्सिक्वेन्शियल लॉस, म्हणजे घटनेनंतर ओढवलेलं नुकसान, म्हणतात आणि तो पॉलिसीत बसत नाही. इंजिन प्रोटेक्ट नावाचं ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायचं कव्हर, याच्यासाठीच असतं, मामेभावाने रिन्यूअलच्या वेळी थोडेच पैसे वाचतायत म्हणून ते काढून टाकलं होतं. नदीकाठी किंवा बेसमेंट पार्किंग असलेल्या सोसायटीत राहत असाल तर हे ॲड-ऑन घ्याच, आणि घेतलं असलं तरी त्याच्या अटी वाचा, कारण ॲड-ऑन आहे म्हणून बुडालेली गाडी चालू करायची परवानगी मिळत नाही.

मी स्वतः काय करते ते सांगते. आधी गाडीवर पाण्याची रेघ कुठवर आहे त्याचा फोटो आणि नंबर प्लेट दिसेल असा व्हिडिओ. मग कंपनीच्या नंबरवर फोन, क्लेम नंबर लिहून घ्यायचा. मग फ्लॅटबेडवर, म्हणजे गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकवर, घालून गाडी वर्कशॉपला. ढकलस्टार्ट नाही, "जरा गिअरमध्ये टाकून बघू" नाही. इलेक्ट्रिक गाडी असेल तर तिला हातच लावायचा नाही, कंपनीचा माणूस येईपर्यंत थांबायचं. घाई करणाऱ्यांना हे अर्ध्या दिवसाचं थांबणं जमत नाही आणि याच अर्ध्या दिवसात लाखाचं नुकसान होतं.

सर्व्हेअरने बघायच्या आधी दुरुस्ती सुरू करायची नाही, आणि बदललेले पार्ट त्याने बघेपर्यंत फेकायचे नाहीत.

झिरो डेप, म्हणजे पार्टचा घसारा न कापणारं ॲड-ऑन, नसेल तर क्लेममधून पूर्ण पैसे मिळतील असं गृहीत धरू नका. प्लास्टिक, रबर, बॅटरी, टायर यांवर 50 टक्के कापतात, काचेवर काही कापत नाहीत. बारा हजारांचा बंपर म्हणजे सहा हजार तुमचे, वर कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेमला तुम्ही स्वतः भरायची रक्कम, 1500 सीसीपर्यंत साधारण हजार रुपये. आता यात एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस, धरा. पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या, प्रीमियमवर 50 टक्के सूट मिळते आणि एका क्लेमने ती शून्यावर येते. नऊ हजारांचा ओन डॅमेज प्रीमियम सूट मिळून साडेचार होत असेल तर पुढच्या वर्षी परत नऊ. म्हणजे हा छोटा क्लेम करून हातात पाच हजार आले आणि साडेचार पुढच्याच वर्षी परत गेले, त्यापुढच्या वर्षी परत 20 टक्क्यांपासून सुरुवात. मी आधी गॅरेजकडून एस्टिमेट मागवते, कागदावर आकडे मांडते आणि मगच ठरवते.

एनसीबीवरून दुसरी चूक तर मला खरंच संतापजनक वाटते. ऑनलाइन पॉलिसी घेताना "मागच्या वर्षी क्लेम केला होता का" याला पटकन "नाही" वर टिक मारतात. एजंट पण सांगतात, कुणी बघत नाही हो. बघतात, क्लेम आल्यावर बघतात. जुन्या कंपनीकडून कन्फर्म करतात, आणि ते खोटं निघालं तर पॉलिसीचा ओन डॅमेजचा भागच हातचा जाऊ शकतो. दोनतीन हजार वाचवण्यासाठी अख्ख्या गाडीचं कव्हर पणाला लावायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. आणि एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. सेकंड हँड गाडी घेतलीत तर आधीच्या मालकाचा एनसीबी तुम्हाला मिळत नाही, आणि तुमची गाडी विकलीत तर कंपनीकडून एनसीबीचं पत्र मागून घ्या, तीन वर्षं चालतं.

सेकंड हँड घेतल्यावर 14 दिवसांत पॉलिसी नावावर करून घ्या. आरसी नावावर झाली म्हणजे झालं, असं नाही.

सीएनजी किट बाहेरून बसवलंय? आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे नोंद हवी.

पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की साठवलेला एनसीबी गेला.

आता कुत्र्यांचं. पेट इन्शुरन्स आता बरेच जण घेतात आणि हप्ता भरला की विसरतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या लॅब्रॅडोरला पावसाळ्यात लेप्टो झाला, चार दिवस सलाईन, मोठं बिल. क्लेम नाकारला. लेप्टोच्या लशीचा बूस्टर दर वर्षी द्यावा लागतो आणि कार्डवर त्याची तारीख उलटून तीन महिने झाले होते. लस असलेल्या आजाराची लसच दिली नसेल तर कंपन्या पैसे देत नाहीत, पॉलिसीत ते लिहिलेलं असतं. काकू रडत होत्या आणि मला त्यांना काही सांगताही येईना. तेव्हापासून मी आमच्या कुत्रीच्या लशीचं कार्ड प्रत्येक डोसनंतर फोटो काढून ठेवते, डॉक्टरांची सही, शिक्का आणि लशीचा स्टिकर नीट दिसेल असा. आणि पॉलिसी घेतल्या घेतल्या दुसऱ्या दिवसापासून आजार कव्हर होत नाहीत, वेटिंग पिरियड असतो. आधीपासूनचा आजार लपवायचा नाही.

आणखी एक, बोलायला जड आहे पण बोलावं लागतं. कुत्रं गेलं की माणसं त्याच रात्री पुरून येतात, साहजिक आहे. पण मृत्यूच्या क्लेमला डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं आणि काही ठिकाणी पोस्टमॉर्टेमही, त्यामुळे पुरण्याआधी घरातल्या दुसऱ्या कुणालातरी कंपनीला फोन करायला सांगा.

आणि क्लेम नाकारला तर फोनवर भांडू नका, नाकारल्याचं कारण लेखी मागा. कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल करा, 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर इन्शुरन्स ओम्बड्समनकडे, म्हणजे विमा लोकपालाकडे, जाता येतं. पुण्यात त्यांचं ऑफिस आहे, मुंबईत आहे, फी नाही, वकील लागत नाही. मामेभावाला मी तिकडे जायचा सल्ला दिला नाही, कारण इंजिन त्याने स्वतः चालू केलं होतं आणि त्याने ते सर्व्हेअरला खरं सांगितलं होतं.