जुनं स्टील घरात आणताय? या चुका टाळा

खान्देशात जुनं स्टील अजून भरपूर निघतं. बंद पडलेल्या गिरण्या आणि जिनिंगच्या ऑफिसांतल्या पाइपच्या खुर्च्या, जुन्या दवाखान्यांतली लोखंडी कपाटं, तारेचे स्टँड, क्वचित मुंबईहून आलेलं भिंतीवरचं एखादं धातूशिल्प. साधारण १९४५ ते १९७० या काळातल्या या वस्तू पन्नास-साठ वर्षं धडधाकट राहतात आणि नव्या मालकाच्या घरी पहिल्याच आठवड्यात बिघडतात. बहुतेक वेळा कारण एकच असतं, ते म्हणजे वस्तू नव्यासारखी करून टाकायची घाई. या वस्तूंची अर्धी किंमत घडणीत आणि अर्धी वरच्या थरात असते. मूळ रंग, मूळ क्रोम, हाताने दिलेली झाक एकदा घासून गेली की कोणताही कारागीर ती परत आणू शकत नाही.

ग्राइंडर मारून पावडर कोटिंग करणं

सगळ्यांत जास्त नुकसान इथेच होतं. फॅब्रिकेटरकडे खुर्ची दिली की तो आधी ग्राइंडर मारतो, मग भट्टी. ग्राइंडरने सांध्यावरचं मूळ वेल्डिंग सपाट होतं, पत्रा पातळ होतो, पाट्या आणि कोरलेली सही जाते. पावडर कोटिंगमध्ये रंगाची भुकटी भट्टीत पक्की करतात आणि ती भट्टी साधारण १८० ते २०० अंशांवर चालते. कथिल-शिशाचा डाग (सोल्डर) १८३ ते १९० अंशांच्या आसपास वितळतो. त्यामुळे डाग देऊन जोडलेलं शिल्प भट्टीतून सुट्या तुकड्यांत बाहेर येऊ शकतं. पितळेने झाळलेला सांधा टिकतो, पण तांब्या-पितळेवरची मुद्दाम आणलेली झाक करपते.

रंग सुटलाच असेल तर फक्त तेवढ्याच जागेवर काम करा. आणि जुना रंग शिशाचा आहे असंच धरून चाला. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा भारतात २०१६ च्या नियमांनी आली आणि ती २०१७ पासून लागू झाली. त्यामुळे कोरडं घासायचं नाही. पाणी लावून ४०० नंबरच्या वॉटर पेपरने घासा, एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा आणि मळी झाडू नका, ओल्या फडक्याने टिपून घ्या.

कानबाईच्या सणाआधी घर रंगवताना उरलेला ऑइलपेंट जुन्या कपाटावर फिरवायची सवयही मोडा. त्याखाली बहुधा भट्टीत पक्का केलेला मूळ रंग असतो, तो नुसता मळलेला असतो.

बाथरूम क्लीनर, चिंच आणि तारेची घासणी

क्रोमवर लाल ठिपके दिसले की हात बाथरूम क्लीनरकडे जातो. त्यातलं हायड्रोक्लोरिक ऍसिड गंज काढतं, पण मागे राहिलेले क्लोराइड बारीक छिद्रांत बसून पुन्हा गंज धरायला लावतात. बंद खोलीत त्याची वाफ शेजारच्या लोखंडालाही लागते. चिंच आणि लिंबू भांड्यांना ठीक, इथे नको. शोभेच्या क्रोमचा थर एक मायक्रॉनहूनही पातळ असतो आणि तारेची घासणी त्यावर कायमचे ओरखडे पाडते.

बरोबर पद्धत साधी आहे. गॅरेजमध्ये बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी मिळतं ते आणा (ऍसिड नव्हे, नीट बघून घ्या). ऍल्युमिनियम फॉइलचा बोळा करा, पाण्यात बुडवा, ठिपक्यावर हलक्या हाताने फिरवा. ऍल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे क्रोमवर चरे पडत नाहीत आणि गंज सुटतो. काळपट पाणी लगेच पुसा, कोरड्या फडक्याने टिपा. खालची पिवळसर निकेल दिसू लागली तर तिथेच थांबा. आणखी घासून ती क्रोम होणार नाही.

रंगवलेल्या वस्तूसाठी एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात भांडी धुण्याच्या सौम्य लिक्विडचे चार-पाच थेंब पुरतात. कापसाच्या बोळ्याने हातभर जागा पुसायची, कोरडी करायची, मग पुढची. गंज काळा करणारं टॅनिक ऍसिडचं कन्व्हर्टर आतल्या, न दिसणाऱ्या बाजूलाच लावा. दर्शनी बाजूला त्याचा काळा डाग कायमचा राहतो. खोबरेल तेल लावू नका, त्यावर धूळ बसते आणि ती धूळ ओल धरते. मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा अगदी पातळ हात द्या. ते मिळालं नाही तर पॉलिशचे कण नसलेलं गाडीचं वॅक्स चालेल. आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) पावसाच्या आत एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, एवढं पुरे.

कूलरच्या झोतात ठेवणं

जळगाव-भुसावळचा कोरडा उन्हाळा लोखंडाला खरं तर मानवतो. बिघडवतो तो कूलर. बोअरचं पाणी जड असतं, झोताबरोबर त्याचे तुषार उडतात आणि स्टीलवर पांढरी खार बसते. हीच खार पावसाळ्यात ओल ओढून घेते आणि आषाढात गंज दिसतो. मग दोष पावसाला दिला जातो. कूलरच्या सरळ झोतातून वस्तू बाजूला घ्या आणि उन्हाळाभर आठवड्यातून एकदा कोरडी पुसा.

धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरात वरून खारी माती झरते, तिचंही तसंच. अशा खोलीत कपाटाच्या माथ्यावर साचलेली माती आधी मऊ ब्रशने काढा. ओलं फडकं फिरवलंत तर तिचा चिखल होऊन सांध्यात जातो.

पाइपच्या पायात न डोकावणं

खुर्ची उलटी करा, रबरी बूट काढा. आतून गंजाचे पापुद्रे पडले तर पाय आतून खाल्लेला आहे. फरशी पुसतानाचं पाणी फाटक्या बुटातून वर चढतं, म्हणून खालचे चार बोटं आधी जातात. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. पत्रा दबला तर खुर्ची बसायला घेऊ नका. मागच्या पायांचे सांधे जास्त बारकाईने बघा, कारण भार तिथे जास्त येतो. फ्रेंच डिझायनर ज्याँ प्रूव्हे यांनी १९३४ च्या खुर्चीत पुढचे पाय साध्या पाइपचे आणि मागचे पत्र्याच्या रुंद पोकळ घडीचे केले ते याचमुळे. नवा बूट घेताना व्हर्नियरने बाहेरचा व्यास मोजा. जुना पाइप इंचात असतो. पाऊण इंच म्हणजे १९ मिलिमीटर, पण एक इंची समजून घेतलेला पाइप बराचदा २२ मिलिमीटरचा, म्हणजे पाऊण आणि एक यांच्या मधला निघतो. सैल बूट पाणी आत घेतो.

बोल्टचंही तेच. मेट्रिक पद्धत भारतात १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, पण कारखान्यांत इंची आटे पुढेही चालले. पाव इंची व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश आट्यांच्या) बोल्टचा व्यास ६.३५ मिलिमीटर आणि इंचाला २० आटे. त्या भोकात सहा मिलिमीटरचा बोल्ट आवळला की तो ढिला बसतो आणि आटे खरवडतो. जुना बोल्ट खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात जा.

नावावर आणि पिवळ्या रंगावर भुलणं

'कर्टिस जेरे या शिल्पकाराने स्वतः घडवलेलं' असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. असा माणूसच नव्हता. कर्टिस फ्रायलर आणि जेरी फेल्स यांनी आपली नावं जोडून हे नाव तयार केलं आणि १९६३ पासून त्यांच्या आर्टिझन हाउसमध्ये कारागिरांकडून शिल्पं बनवून घेतली. पितळेचं म्हणून दाखवलेल्या शिल्पाला चुंबक लावा. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा. तो घासून चकाकवायला गेलात तर राखाडी लोखंड हाती लागेल.

डिझायनर हॅरी बर्टोया यांची १९५२ ची तारेची डायमंड खुर्ची नकलांत फार दिसते. सुरुवातीला तिच्या जाळीची टोकं दोन बारीक तारांत धरलेली होती. ईम्स या डिझायनर दांपत्याच्या पेटंटवरून वाद झाल्यावर कडेला एकच जाड तार आली आणि टोकं तिरकी घासली जाऊ लागली. कडेवरून बोट फिरवा. टोकं टोचत असतील, वेल्डिंगच्या गाठी हाताला लागत असतील तर ती स्वस्त नक्कल आहे.

भारतीय वस्तूवरची कंपनीची पाटी वाचा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर ती पाटी पन्नासच्या दशकातली नाही.

मुंबईचे शिल्पकार पिलू पोचखानवाला किंवा आदी दावियरवाला यांच्या पिढीचं वेल्ड केलेलं शिल्प हाती आलं तर गंज काढूच नका. तो शिल्पकाराने ठेवलेला असू शकतो. धूळ झटका, सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि धातूच्या जतनाचं काम करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा.

भिंत न बघता टांगणं

वजन काट्यावर करा, अंदाज नको. पक्क्या विटेच्या भिंतीत पंधरा किलोपर्यंत आठ मिलिमीटरचे दोन फास्टनर चालतात, पण भोक विटेत हवं, सांध्यात नको. मातीच्या भिंतीत फास्टनर फुगला की माती फोडतो. तिथे आरपार बोल्ट टाकून पलीकडे चार इंची चौकोनी प्लेट द्या, नाहीतर जमिनीवर स्टँड करा. शिल्प आणि भिंत यांत १५ ते २० मिलिमीटर जागा सोडा, नायलॉनचे वॉशर घाला. ओलसर पीओपीला टेकलेलं लोखंड मागून सडतं. उघड्या गच्चीवर दोन मीटरची पट्टी पहाट ते दुपार चाळीस अंशांच्या फरकाने सुमारे एक मिलिमीटर वाढते, म्हणून एका टोकाचं भोक लांबट ठेवा.

कागद न घेणं

भुसावळ परिसरात हे विशेष सांभाळा. रेल्वेचा शिक्का असलेलं कपाट, बाक किंवा दिवा बिनकागदाचा घेऊ नका. रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) कायदा, १९६६ खाली पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रेल्वे आपलं भंगार लिलावाने विकते. विकणाऱ्याकडे त्या लिलावाची पावती असायला हवी. तिची प्रत घ्या आणि स्वतःच्या बिलावर 'जुनं लोखंडी सामान' एवढंच न लिहिता वस्तू, मापं, शिक्का आणि असलेले दोष लिहून घ्या.