ह्युमन सर्व्हिसेस शिकायला येताय? मग हे आधी वाचा

मी अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात ह्युमन सर्व्हिसेसला नाव घातलं, तेव्हा घरच्यांनी 'एचआरमध्ये चांगला पगार असतो' म्हणून अभिनंदन केलं होतं. तुमच्याकडेही हेच होणार, म्हणून आधीच सांगून ठेवा: एचआरशी याचा काही संबंध नाही. बेघरांचा निवारा, व्यसनमुक्ती केंद्र, घरगुती हिंसाचारातून सुटून आलेल्या बायकांचं शेल्टर, वृद्धांच्या आणि अपंगांच्या संस्था अशा ठिकाणचं हे काम. समोरच्या माणसाला घर, अन्न, डॉक्टर, वकील यांच्यापर्यंत पोहोचवायचं आणि मधल्या फॉर्मांच्या जंगलात त्याच्यासोबत राहायचं.

कम्युनिटी कॉलेजात मिळणारी असोसिएट डिग्री साधारण ६० क्रेडिटची, पूर्णवेळ केली तर दोन वर्षांची. त्यावर केस मॅनेजरच्या (एकेका माणसाची मदत आखून ती मिळेपर्यंत पाठपुरावा करणाऱ्याच्या) हाताखालची, कधी केस मॅनेजरचीच नोकरी मिळते. स्वतः थेरपी करायची असेल तर पुढे मास्टर्स आणि राज्याचं लायसन्स लागतं. भारतातून एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स, करून आला असाल तर घाईने इथे पैसे भरू नका. कौन्सिल ऑन सोशल वर्क एज्युकेशन परदेशातल्या समाजकार्याच्या पदव्या तपासून देते, आधी ते करून घ्या.

आता व्हिसा. हा भाग कंटाळवाणा आहे, पण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. या डिग्रीत प्रॅक्टिकम असतो, म्हणजे एखाद्या संस्थेत जाऊन ठरावीक तास प्रत्यक्ष काम. एच-४वर, म्हणजे नोकरीच्या एच व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, शिकायला परवानगी आहे, नोकरीला नाही. ईएडी, म्हणजे काम करण्याचा परवाना, हातात नसेल तर बिनपगारी प्रॅक्टिकमसुद्धा 'काम' ठरू शकतो. एफ-१वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असाल तर सीपीटीची (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायच्या परवानगीची) नोंद आय-२०वर, म्हणजे कॉलेजने दिलेल्या व्हिसाच्या कागदावर, झाल्याशिवाय एक तासही जाऊ नका, आणि सीपीटीसाठी साधारणपणे आधी एक शैक्षणिक वर्ष पूर्ण व्हावं लागतं. प्रवेश घेण्याआधीच कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आणि शंका असेल तर वकिलाला विचारा. मी एच-४वर होते आणि मला हे कोणी सांगितलं नाही. माझ्या सल्लागाराने हसत हसत पूर्ण वेळापत्रक आखून दिलं, आणि प्रॅक्टिकमच्या दारात पोहोचल्यावर कळलं की आत जाता येणार नाही. ईएडी येईपर्यंत दीड वर्ष थांबले. फेडरल आर्थिक मदतही एफ-१ आणि एच-४वाल्यांना नाही; ग्रीन कार्डवाल्यांनी मात्र फाफ्सा, म्हणजे या मदतीचा अर्ज, जरूर भरावा.

त्या थांबलेल्या काळात वेळ काढायला म्हणून मी मानव्यशास्त्राचे उरलेले क्रेडिट उरकायला घेतले. त्यातला एक वर्ग जगावर प्रभाव टाकणाऱ्या विचारांचा होता. प्लेटो, जॉन स्टुअर्ट मिल, डार्विन, मार्क्स, थोरो, गांधी, मार्टिन ल्यूथर किंग. आपल्याकडची मुलं या वर्गाला 'टाइमपास क्रेडिट' म्हणतात. मीही म्हणायचे. आज कामावर मला सगळ्यात जास्त काय उपयोगी पडतं असं विचारलंत तर मी याच वर्गाचं नाव घेईन.

सुरुवात मात्र वाईट झाली. प्लेटोच्या गुहेवरचा पहिला निबंध मी आपल्या पद्धतीने लिहिला: साखळदंडातले कैदी, भिंतीवरच्या सावल्या, बाहेरचा सूर्य, सगळं क्रमाने आणि स्वच्छ. सी ग्रेड मिळाली. खाली शेरा होता: 'प्लेटो मी वाचलाय. तुम्हाला काय वाटतं?' पंधरा-सोळा वर्षांच्या शिक्षणात हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. इथे गुण मिळतात ते ग्रंथाशी भांडण्याचे, आणि भांडताना कोणाचं वाक्य घेतलंत ते सांगण्याचे. संदर्भ न देता दोन ओळी उचलल्या तरी ती चोरीच. वर्गात गप्प बसलात तर सहभागाचे गुण जातात. प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारायला जीभ वळत नाही. माझी तिसऱ्या सेमिस्टरला वळली. त्यांच्या ऑफिस अवर्सना (विद्यार्थ्यांना भेटायच्या ठरलेल्या वेळेला) मात्र पहिल्याच आठवड्यात जा.

मग प्रॅक्टिकम सुरू झाला आणि पुस्तकं समोर येऊन उभी राहिली. थंडीच्या दिवसांत एक गृहस्थ निवाऱ्यातली खाट नाकारायचे आणि बाहेर झोपायचे. मी त्यांना थंडीवर, तब्येतीवर, म्हातारपणावर रोज व्याख्यान द्यायचे. (सल्ला देणं आपल्या अंगातच असतं. लग्न, नोकरी, गुडघेदुखी, काही विचारावंच लागत नाही.) माझ्या सुपरवायझरने एवढंच विचारलं, 'ते का येत नाहीत, हे विचारलंस का?' विचारलं. त्यांच्याकडे कुत्रा होता, आणि निवाऱ्यात कुत्रा चालत नव्हता.

मिलने १८५९ साली मांडलेलं तत्त्व मी परीक्षेत पाठ लिहून आले होते: दुसऱ्याला इजा होत असेल तरच माणसाच्या स्वातंत्र्यात हात घालावा, केवळ त्याच्या भल्यासाठी म्हणून नाही. आमच्या व्यवसायात याला क्लायंटचा स्वनिर्णय म्हणतात. पण मिल जिथे थांबतो तिथे कायदा थांबत नाही. माणूस स्वतःच्या जिवावर उठला असेल तर इथे त्याच्या मर्जीविरुद्धही हॉस्पिटलात नेता येतं; नियम राज्याराज्यात वेगळे. ही रेघ नेमकी कुठे, यावर मी अजून स्वतःशी वाद घालते.

आणि हे सगळं गोऱ्यांचं, आपलं काय, असं वाटत असेल तर १८८९ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी समाजसुधारक जेन अ‍ॅडम्सने एलन गेट्स स्टारसोबत शिकागोत स्थलांतरितांच्या वस्तीत हल हाउस हे सेवाकेंद्र उघडलं. अमेरिकेतल्या समाजकार्याच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात ते असतं. त्याच वर्षी, तिच्या काही महिने आधी, अमेरिकेतून परतलेल्या पंडिता रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं, आणि अमेरिकेच्या लोकस्थितीवरचं त्यांचं मराठी पुस्तकही त्याच साली आलं. मी अंतिम निबंध या दोघींवर लिहिला. बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्या हाताखाली धडे घेतले, हेही वर्गात सांगा. कोणाला माहीत नसतं, आणि चर्चेची दिशाच बदलते.

प्रॅक्टिकमच्या पहिल्या दिवशी दोन गोष्टी विचारून घ्या. तुम्ही त्या राज्यात मँडेटेड रिपोर्टर आहात का, म्हणजे मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय आला तर कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे का, आणि कळवायचं कोणाला. दुसरं, आत्महत्येचा विषय निघाला तर संस्थेची पद्धत काय. अशा संकटात फोन करायचा ९८८ हा नंबर २०२२ पासून देशभर चालतो. घर, अन्न, वीजबिल अशा मदतीसाठी बहुतेक ठिकाणी २११ आहे. दोन्ही फोनमध्ये आत्ताच घालून ठेवा.

गोपनीयता कागदावर सोपी वाटते. आपला समाज इथे लहान आहे, आणि कधीतरी इंटेकच्या, म्हणजे नव्या क्लायंटच्या पहिल्या मुलाखतीच्या, खुर्चीत मराठी आडनाव येऊन बसतंच. त्या दिवशी सुपरवायझरला सांगा, ओळख असेल तर ती केस दुसऱ्याकडे द्या. आणि पुढे गणपतीच्या कार्यक्रमात त्याच ताई समोरून आल्या, तर त्यांनी हसून ओळख दाखवेपर्यंत तुम्ही त्यांना ओळखत नाही. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, 'कोण गं त्या?' तर प्रसाद छान होता म्हणायचं.