जुनी चार गिअरची बुलेट: गिअर चढतो, उतरताना दांडी रिकामी जाते

गिअरबॉक्स उघडून परत जोडल्यापासून माझ्या बुलेटचे (पहिला गिअर दांडी उचलून, बाकी तीन दाबून) गिअर चढताना नीट पडायचे. उतरताना मात्र दांडी उचलली की नुसती रिकामी यायची. ऑइल बदललं, क्लच केबल ताणली, रिटर्न स्प्रिंगही नवी घातली. तीन रविवार गेले, जीव मेटाकुटीला आला.

चूक माझ्याच जोडणीत होती. रॅचेटच्या (दांडीच्या प्रत्येक हालचालीला एकेक गिअर सरकवणारी दातेरी यंत्रणा) ॲडजस्टर पट्टीची भोकं लांबट असतात, म्हणून ती सरकवता येते; मी तिचे दोन्ही बोल्ट अंदाजाने आवळले होते.

गाडी मेन स्टँडवर घ्या, स्पार्क प्लग काढा. गिअरची दांडी आणि तिच्यामागचं झाकण काढा. मागचं चाक हाताने फिरवत दुसरा गिअर टाका. बोल्ट जरासे ढिले करा, पट्टी केसभर सरकवा, पुन्हा आवळा. दांडी तात्पुरती अडकवून हाताने वर-खाली हलवा: रॅचेट धरेपर्यंतची मोकळी चाल दोन्हीकडे सारखी हवी. माझी पट्टी जेमतेम 1 मिलिमीटर सरकली आणि उतरतानाचा गिअर 'टक्' करून बसला. चारही गिअर चढते-उतरते तपासूनच झाकण लावा. तपासताना चाक फिरतं ठेवा. थांबलेल्या चाकावर गिअर अडतात आणि बरोबर बसलेली पट्टीही चुकल्यासारखी वाटते.