टेस्टचं रीडिंग आधी स्वतःच्या डिस्कवर, मग सर्व्हरवर

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पॉवर सप्लाय तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. नव्याने लागलेल्या मुलांना सगळे एकच सांगतात: मीटरमधून रीडिंग घे, थेट सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये टाक, झालं. हा सल्ला चुकीचा आहे.

मीटर जोडून पायथनमधून रीडिंग मागवणं हे अर्ध्या तासाचं काम, मॅन्युअल उघडा आणि करा. डेटाबेसमध्ये टेबलं दोन पुरतात: एक टेस्टचं (नगाचा सिरियल नंबर, ऑपरेटर, मीटरची कॅलिब्रेशन म्हणजे अचूकता तपासल्याची तारीख), दुसरं रीडिंगचं. एकक कॉलमच्या नावातच लिहा. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत साठवा, साडेपाच तास दाखवताना मिळवा. एक्सेलच्या भरवशावर राहू नका. जुन्या एक्सएलएस फाइलीत 65,536 ओळींपुढे काही मावत नाही. 2020 साली इंग्लंडमध्ये याच मर्यादेपायी कोविडचे जवळपास 16 हजार रुग्ण मोजणीतून सुटले होते.

आता खरी अडचणीची जागा.

जूनमधल्या पहिल्या गडगडाटात आमच्या पॅसेजमधला नेटवर्क स्विच जळाला. 48 तासांची बर्न-इन टेस्ट, म्हणजे नग सलग चालवून तापवत तपासणं, चालू होती. लाइट गेली तरी कॉम्प्युटर यूपीएसवर आणि बेंच जनरेटरवर होता, त्यामुळे टेस्ट थांबली नाही. प्रोग्राम मात्र डेटाबेसमध्ये नोंद टाकणाऱ्या इन्सर्टच्या ओळीवर सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत अडकला. सकाळी पाहतो तर मध्यरात्रीनंतरचं एकही रीडिंग नाही. नग रात्रभर तापले आणि नोंद शून्य. सगळी बॅच पहिल्या तासापासून परत लावावी लागली.

तेव्हापासून माझे प्रोग्राम दोन असतात. पहिला फक्त मोजतो आणि त्याच कॉम्प्युटरवरच्या एसक्यूलाइट (एका फाइलीत मावणारा छोटा डेटाबेस) फाइलीत लिहितो. नेटवर्कशी त्याचा संबंधच नाही. सेकंदाला एक रीडिंग असेल तर प्रत्येक रीडिंगला कमिट करा, म्हणजे नोंद पक्की करा. हजार असतील तर सेकंदभराची रीडिंगं एका कमिटमध्ये बांधा, नाहीतर डिस्क पुरी पडणार नाही. एसक्यूलाइटचं 'सिंक्रोनस' सेटिंग (नोंद खरंच डिस्कवर पोचेपर्यंत थांबायचं की नाही ते) 'फुल'वर ठेवा. वेग वाढावा म्हणून ते बंद करायला सांगणारे पुष्कळ भेटतात, पण पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. आणि ही फाइल शेअर्ड फोल्डरवर चुकूनही ठेवू नका. तिथे लॉकिंगचा, म्हणजे एका वेळी एकानेच लिहिण्याचा, भरवसा नसतो, फाइल खराब होऊ शकते.

दुसरा प्रोग्राम न पाठवलेल्या ओळी उचलतो, सर्व्हरवरच्या पोस्टग्रेस डेटाबेसला पाठवतो, आणि तिकडे कमिट झाल्यावरच इकडे 'पाठवलं' अशी खूण करतो. मी फसलो ते इथेच. सर्व्हरने कमिट केलं, पण खूण करायच्या आत नेटवर्क तुटलं, तर त्याच ओळी पुन्हा जातात. सुरुवातीला मी दुबार ओळी वेळेवरून ओळखायचो. मग एकदा कॉम्प्युटरचं घड्याळ आपोआप काही सेकंद मागे आलं, दोन वेगळ्या रीडिंगांना एकच वेळ पडली, आणि खरं रीडिंगच दुबार समजून टाकलं गेलं. म्हणून वेळेला ओळख बनवू नका. टेस्ट क्रमांक, चॅनल (मीटरचा कुठला इनपुट) आणि एकेकाने वाढणारा अनुक्रमांक, या तिघांवर मिळून सर्व्हरवर युनिक बंधन (तेच तिघं पुन्हा घ्यायचे नाहीत) घाला आणि इन्सर्टला 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' (ओळ आधीच असेल तर सोडून दे) जोडा. मग तीच ओळ दहा वेळा गेली तरी राहते एकच.

मीटरचं उत्तर जसंच्या तसं एका मजकूर कॉलममध्येही ठेवा. एससीपीआय (मीटरला हुकूम द्यायची प्रमाण भाषा) मानणारे मीटर रेंजबाहेर गेले की 9.9ई37 (9.9 गुणिले 10 चा 37 वा घात) असा आकडा देतात. तो व्होल्टेज म्हणून साठला की त्या नगाची सरासरी गेलीच. अशा ओळीत मूल्य रिकामं ठेवून शेजारच्या कॉलममध्ये 'ओव्हरलोड' लिहा.

खऱ्या टेस्टला लावण्याआधी मुद्दाम त्रास द्या. चालू टेस्टमध्ये लॅनची वायर उपटा, दहा मिनिटांनी लावा. मग कॉम्प्युटरचाच प्लग खेचा. पुन्हा चालू केल्यावर दोन्हीकडचे अनुक्रमांक मोजा. प्लग खेचला तेव्हा जे कमिट व्हायचं होतं तेवढंच गेलेलं चालेल. त्याआधीचा एकही क्रमांक सर्व्हरवर कमी दिसला, तर दुसऱ्या प्रोग्राममध्ये खूण आधी आणि कमिट नंतर होतंय का ते पहिल्यांदा तपासा.