ग्लेझ वाहिलं की कच्चं राहिलं? भट्टीत कोन वापरताना या चुका टाळा

कंट्रोलरवर १२२२ अंश सेल्सिअस दिसले, भट्टी आपोआप बंद झाली. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर वरच्या शेल्फवरचं ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) वाहून खाली चिकटलेलं आणि तळाच्या भांड्यांवर तेच ग्लेझ कोरडं, खरखरीत. घरगुती स्टुडिओ चालवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. मग ग्लेझची रेसिपी बदलली जाते, माती बदलली जाते, पुरवठादार बदलला जातो. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी प्रत्येक शेल्फवर कोन ठेवा, म्हणजे ठरावीक उष्णता मिळाली की वाकणारा छोटा सुळका. त्याशिवाय भट्टीत काय झालं ते कळायला मार्गच नाही.

आकड्यावर विसंबणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा थांबतो. थर्मोकपल, म्हणजे कंट्रोलरला जोडलेली तापमान मोजणारी तार, फक्त त्या क्षणी, त्या एका जागी किती तापमान आहे ते सांगतं. माती आणि ग्लेझ पिकतात ते तापमान आणि वेळ या दोन्हींवर. मंद आचेवर जास्त वेळ ठेवलेली डाळसुद्धा शिजतेच, तसंच हे. कोन सिलिका, फेल्डस्पार, चुना, केओलिन अशा ग्लेझच्याच घटकांपासून बनतो, त्यामुळे तो भांड्यांच्या शेजारी उभा राहून त्यांच्यासारखीच उष्णता पचवतो आणि पुरेशी झाली की वाकतो. हेरमान झेगर यांनी १८८६ साली बर्लिनमध्ये हे कोन तयार केले, आणि एडवर्ड ऑर्टन यांनी १८९६ पासून अमेरिकेत ओहायोमध्ये. कोन किती उष्णतेला वाकतो ते त्याच्या नंबरावरून कळतं, पण दोन्ही पद्धतींचे नंबर तंतोतंत जुळत नाहीत. एकाच भट्टीत दोन्ही मिसळू नका.

ऑर्टनचा मोठा ६ नंबरचा कोन घ्या. शेवटच्या शंभर अंशांत तापमान ताशी ६० अंशांनी चढत असेल तर तो साधारण १२२२ ला वाकतो, ताशी १५० अंशांनी चढत असेल तर १२४३ च्या आसपास. एकवीस अंशांचा फरक, आणि दोन्ही ‘कोन ६’च.

आपल्याकडे याला विजेची जोड आहे. व्होल्टेज २३० वरून २०० वर आलं तर कॉइलची ताकद जवळजवळ पाव हिश्श्याने घटते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. भट्टी रेंगाळत चढते, ठरलेल्या आकड्याला पोचते खरी, पण तोवर भांड्यांनी जास्त उष्णता खाल्लेली असते. प्रोग्रॅम महिनाभर तोच असूनही एखाद्या भाजणीत ग्लेझ वाहतं, त्यामागे बरेचदा हे असतं. शेवटी तापमान धरून ठेवणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं: एक-दोन तास धरून ठेवलं तर पुढच्या नंबरचा कोनसुद्धा वाकू शकतो.

शून्य विसरणं

०४ आणि ४ यांत शंभराहून जास्त अंशांचं अंतर आहे. ०४ म्हणजे साधारण १०६० अंश, बिस्कसाठी (ग्लेझ लावण्याआधीच्या पहिल्या भाजणीसाठी) ठीक. ४ म्हणजे ११६० च्या वर. शून्यवाले नंबर उलटे चालतात: ०२२ सगळ्यात थंड, ०१ त्यांतला सगळ्यात गरम, मग १, २, ३. कुंभारवाड्यातून आणलेली लाल माती ४ ला गेली तर ती फुगते, वाकते किंवा वितळून शेल्फला बसते. प्रोग्रॅम टाकणारा आणि भट्टी भरणारा वेगळे असतील तर नंबर बोलून सांगू नका, लिहून द्या.

कोन कसाही रोवणं

मोठा कोन मातीच्या पट्टीत सुमारे अर्धा इंच रोवायचा, दोन इंच वर ठेवायचा आणि आठ अंश तिरपा. सरळ उभा केला तर उशिरा वाकतो, जास्त तिरपा केला तर लवकर. हाताने अंदाज नकोच. पुठ्ठ्याचा छोटा साचा कापून ठेवा किंवा स्वतःच्या पायावर उभे राहणारे कोन घ्या, त्यांत हा तिरपेपणा आधीच असतो. किल्न सिटरसाठीचे (कोन वाकला की भट्टी बंद करणाऱ्या यंत्रासाठीचे) छोटे कोन मात्र पट्टीत रोवून मोठ्यांशी तुलना करू नका, त्यांना वाकायला जास्त उष्णता लागते.

पट्टीच्या मातीत ग्रॉग (भाजलेल्या मातीचा भरडा) घाला, सुईने भोकं पाडा आणि ती पूर्ण सुकू द्या. ओली पट्टी भट्टीत फुटते आणि तिचे तुकडे नेमके ग्लेझवर पडतात.

तीन कोन ओळीने लावा. ६ ला भाजायचं असेल तर ५, ६, ७. पहिला वाकणारा ५ तिरप्या बाजूच्या टोकाला, म्हणजे तो शेजाऱ्याला न अडकता मोकळा पडेल.

पाहण्यातल्या चुका

पीपहोलपासून (भट्टीत डोकावायच्या भोकापासून) पट्टी वीतभर आत ठेवा. भोकाच्या तोंडाशी गार हवा लागते, कॉइल किंवा बर्नरजवळ जास्त आच लागते, दोन्हीकडे कोन खोटं बोलतो. उघड्या डोळ्यांनी आत बघू नका. ३ ते ५ शेडची वेल्डिंगची काच वापरा, डोळेही वाचतात आणि पिवळ्या झळाळीत हरवलेली कोनाची कडही दिसते. गॅस भट्टीत भोकातून ज्वाळ बाहेर येते, तिथे चेहरा बाजूलाच ठेवा.

आधी टोक मऊ पडून किंचित झुकतं, मग कोन कमान धरतो, आणि टोक पायाच्या पातळीला टेकलं की झालं. सुरुवातीपासून टेकेपर्यंत साधारण पंधरा ते पंचवीस मिनिटं जातात. ५ टेकला की भट्टीपासून हलू नका. ६ आडवा होऊन सपाट चिकटला असेल तर मर्यादा ओलांडली. तेव्हा ७ कडे पाहा, तोच किती पुढे गेलात ते सांगेल.

एकाच शेल्फवर कोन

वर, मध्ये, खाली, तिन्हीकडे ठेवा. वर ६ सपाट आणि खाली जेमतेम झुकलेला असेल तर प्रोग्रॅमचा आकडा वाढवून काही होणार नाही. दाटीने भरलेलं शेल्फ मोकळं करा, आकडा थोडा कमी करून शेवटी दहा-वीस मिनिटं धरून पाहा. सगळीकडेच जास्त भाजलं जात असेल तर संशय थर्मोकपलवर घ्या. के टाइपचं थर्मोकपल जुनं झालं की सहसा खरं त्याहून कमी दाखवतं, म्हणून भट्टी पुढे पळते. कोनाशी ताडून कंट्रोलरमध्ये ऑफसेट (फरकाची दुरुस्ती) द्या, तार झिजली असेल तर बदला.

गॅस भट्टीत रिडक्शन

०१० ते ३ नंबरच्या नेहमीच्या कोनांत लोह असतं. लवकर रिडक्शन दिलं, म्हणजे भट्टीतला ऑक्सिजन कमी केला, तर ते बिघडतात, बाहेरचं कवच ताठ राहतं आणि आतला गाभा वितळून जातो. त्या टप्प्यासाठी लोहविरहित कोन मिळतात.

न वाकलेला कोन परत वापरणं

भाजणीच्या मध्यात वीज गेली आणि कोन सरळ उभाच दिसला, तरी तो नवा नाही. आधीच्या उष्णतेने त्याच्या आत बदल झालेले असतात आणि पुढच्या वेळी तो उशिरा वाकू शकतो. भट्टी उघडता येईल इतकी थंड झाली असेल तर नवी पट्टी ठेवूनच पुन्हा लावा, आणि जुन्या कोनांवर तारीख व शेल्फ लिहून ते भाजणीच्या वहीसोबत ठेवा.